मानधनाचा रकाना

चुडाव्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात बोटातल्या थेंबभर रक्तावरून हिमोग्लोबिन सांगणारं यंत्र बरीच वर्षं ठेवलेलं होतं. यंत्र उत्तम आहे, बॅटरी घातली की आजही सुरू होतं. पण प्रत्येक तपासणीला त्यात नवी पट्टी लागते. पट्ट्यांचा शेवटचा डबा मुदत संपली म्हणून फेकला, तेव्हा ज्या मावशी ते यंत्र पिशवीत घालून गावोगाव फिरायच्या त्यांचं मानधन थांबून चार महिने झाले होते. यंत्र अनुदानातून आलं होतं आणि संस्थेच्या मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद आहे. मावशींची नोंद कुठल्याच यादीत नाही. गेली कितीतरी वर्षं मी आरोग्याच्या कामासाठी अर्ज लिहिते, हिशोब ठेवते, उपयोगिता प्रमाणपत्रं करते. त्या सगळ्या कागदांतून मला जे समजलं ते या कपाटापाशी उभं राहिलं की जास्त स्पष्ट दिसतं.

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं स्टेशन. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, पण दुखणं वाढलं की माणूस नांदेड गाठतो, कारण नांदेड जवळ. आमच्या संस्थेचे कागद पश्चिमेला परभणीला जातात आणि आमचे पेशंट पूर्वेला नांदेडला. अनुदान देणारे बहुतेक पुण्यामुंबईत. त्यांना फोनवर पत्ता सांगताना मी आधी नांदेड म्हणते, मग मागे येत येत चुडाव्यापर्यंत पोचते.

मी या कामात आले २००७ साली, सर्वेक्षणाची पोरगी म्हणून. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५च्या एप्रिलमध्ये सुरू झालं होतं आणि त्याची हवा हळूहळू आमच्याकडे येत होती. आशा कार्यकर्त्या नेमल्या जात होत्या. गावागावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांची समिती करायची होती आणि तिच्या खात्यावर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत ‘अबंधित निधी’ येणार होता. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावानं बसून ठरवायचं. आमच्या संस्थेकडे काम होतं ते एवढंच, की समितीच्या लोकांना हे समजावून सांगायचं.

पहिल्या बैठकीत एक म्हातारे काका उठून म्हणाले होते, “सरकार पैसे देतंय आन् कशाला खर्चायचे ते सांगत नाही, म्हणजे काहीतरी गोम आहे.” त्यांची शंका जायला दीड वर्ष लागलं. ती गेली एका रात्री. पावसाळा होता, काळ्या मातीचा चिखल गुडघ्याएवढा. एका मजुराच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली. ही गोष्ट त्याच्या पाच वर्षं आधीची. जीपवाला सातशे रुपये मागत होता, आणि रात्री साडेबाराला त्या घरात सातशे रुपये असणं शक्य नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी स्वतःजवळचे दिले. दुसऱ्या दिवशी समितीचं रजिस्टर उघडून ठराव लिहिला गेला, दोन सह्या झाल्या आणि ताईंचे पैसे परत मिळाले. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कुठल्या बजेट हेडमध्ये बसवावं लागलं नाही. तेच काका पुढच्या बैठकीला स्वतःहून आले. पाण्याच्या टाकीसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी संपते त्याचा हिशोब पुढे कितीतरी वर्षं त्यांनीच ठेवला.

सगळीकडे असं झालं असं मी म्हणणार नाही. काही गावांत हा निधी फिनेलच्या बाटल्यांत आणि रंगरंगोटीच्या बिलांत गेला. काही ठिकाणी समिती कागदावरच होती, ठराव एकाच हस्ताक्षरात आणि सह्या घरोघर फिरून घेतलेल्या. पण हेही खरं, की जिथे बैठक खरोखर भरली तिथे दहा हजारांत जे काम झालं ते पुढे मी लाखोंच्या प्रकल्पांत पाहिलं नाही. गावाला आपली गरज कळत होती, आणि ती ज्या रात्री उभी राहिली त्याच रात्री भागवण्याची मोकळीक त्या पैशात होती.

मग मोठा पैसा आला, म्हणजे येणार असं ऐकू आलं. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानं मोठ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकली. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजाच्या कामावर खर्च करायचा. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. आमच्या वर्तुळातल्या सगळ्या छोट्या संस्थांनी तेव्हा सीएसआर हा शब्द पाठ केला. मीही नांदेडला जाऊन एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, लॅपटॉपवर प्रस्ताव लिहायला शिकले.

त्या प्रशिक्षणात कुणी न सांगितलेली एक गोष्ट मला तीन वर्षं नकार खाल्ल्यावर कळली. त्याच कलमात लिहिलं आहे की कंपनीनं आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. ज्या गावाची जमीन, पाणी आणि हवा कारखाना वापरतो त्या गावाला आधी मिळावं, हा विचार चुकीचा नाही. पण परभणी जिल्ह्यात मोठ्या कारखान्यांची रांग नाही. इथे कृषी विद्यापीठ आहे, जिनिंग आहेत, साखर कारखाने आहेत आणि कोरडवाहू सोयाबीन-कापूस आहे. मग वाटलं, कंपन्या मागास जिल्ह्यांत तर येतील. २०१८ साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. परभणी नव्हता. उद्योग असावा एवढा पुढारलेला नाही आणि यादीत बसावा एवढा मागास नाही, अशा जिल्ह्यातल्या संस्थेनं कुणाचं दार वाजवायचं?

आणि इथली गरज कमी आहे असंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे ते वाढलं. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, विसाव्या वर्षी दुसरं, आणि तोवर अंगातलं रक्त कधी भरूनच आलेलं नाही. आमच्या गावांत हे आकडे समोर बसलेले असतात, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरी दिसते.

मावशी या कामात कशा होत्या ते सांगायला हवं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनाच ते नको आहे. सातवी शिकलेल्या, लवकर नवरा गेला, दोन मुलं शेतमजुरी करून वाढवली. आम्ही त्यांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. एकदा मी त्यांच्याबरोबर एका घरी गेले होते. पहिलटकरीण, पाचवा महिना. मी विचारलं, गोळ्या घेतेस का? ती म्हणाली, घेते की. मी रजिस्टरमध्ये ‘होय’ लिहायला लागले. मावशींनी काही न बोलता दिवळीतलं पाकीट काढलं, गोळ्या मोजल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

“आठ दिसांत दोनच गेल्यात, बाई. काय तरास व्हतो त्यो सांग की मला.”

मग एकेक निघालं. गोळी घेतली की मळमळतं. शौचाला काळं होतं, त्याची भीती वाटते. आणि सासू म्हणाली होती की लाल गोळीनं पोटातलं बाळ लई मोठं होतं, मग बाळंतपणाला कापावं लागतं. मावशींनी त्या दिवशी सुनेला काहीच उपदेश केला नाही. त्या उठून सासूपाशी गेल्या, तिच्याबरोबर शेंगा फोडत अर्धा तास बसल्या, तिच्या स्वतःच्या बाळंतपणांचं ऐकलं. तिची दोन बाळं गेली होती, एका वेळी इतकं रक्त गेलं होतं की महिनाभर उठता आलं नव्हतं. “तवा ही गोळी असती तर?” एवढंच मावशी म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात परत गेल्या, गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, हे सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. चौथ्या खेपेला पाकीट रिकामं होतं आणि सासूनं स्वतः नवं आणायला सुनेला उपकेंद्रात पाठवलं होतं.

रक्त वाढलं ते अशा चार खेपांनी. यंत्रानं ते वाढत नाही, यंत्र फक्त आकडा सांगतं. आणि आकडा सांगायला उपकेंद्राच्या सिस्टरांकडे सोय होतीच. गोळ्याही सरकारच्याच, फुकट. कमी होती ती पाकीट मोजणाऱ्या आणि सासूपाशी बसणाऱ्या माणसाची. आमच्या संस्थेनं द्यायचं होतं ते एवढंच.

मग आम्ही यंत्र का मागितलं? कारण यंत्र मागितलं तर मिळतं. २०१८ साली एका कंपनीच्या सीएसआर विभागानं आमचा प्रस्ताव पहिल्यांदा वाचायला घेतला. मी मूळ बजेटात चार आरोग्य कार्यकर्त्यांचं मानधन पहिल्या ओळीत लिहिलं होतं आणि ती ओळ एकूण रकमेच्या साठ टक्के होती. तिकडून फोन आला, की माणसांवर एवढा खर्च म्हणजे प्रशासकीय खर्च जास्त होतो, तो कमी करा आणि काही ठोस दाखवा. ठोस म्हणजे ज्यावर नाव लिहिता येईल असं. मी रात्री बसून बजेट फिरवलं. मानधन अर्ध्यावर आणलं, दोन यंत्रं घातली, बॅनर घातलं, शिबिरं घातली. आणि ‘लाभार्थी’ या रकान्यात लिहिलं : बारा गावं, ३,००० महिला, अकरा महिने. हा आकडा त्यांनी सांगितलेला नव्हता. तो मी लिहिला, कारण लहान आकड्यानं प्रस्ताव मागे पडेल अशी मला भीती होती.

कायदा मी पुढे नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की पाच टक्क्यांची जी मर्यादा सगळे सांगतात ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च, म्हणजे घरोघर जाणाऱ्या बाईचं मानधन, त्यात येत नाही. आणि ‘चालू प्रकल्प’ म्हणून एखादं काम सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवायलाही कायद्याची मुभा आहे. मावशींचा खर्च प्रशासकीय आहे असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. देणाऱ्यांनी ठरवलं आणि माझ्यासारख्या मागणाऱ्यांनी वाद न घालता मान्य केलं.

अनुदानाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. करार जूनमध्ये झाला, पहिला हप्ता सप्टेंबरच्या मध्यावर खात्यात आला. आमच्या बायांचं वर्ष मात्र वेगळं असतं. सप्टेंबरात मूग-उडीद निघालेले असतात, ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी आणि मळणी. दसरा-दिवाळी झाली की काही कुटुंबं ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात, ती उन्हाळ्यात परततात. राहिलेल्यांना कापसाची वेचणी, मग हळदीची काढणी. बाई घरी निवांत सापडते ती जून-जुलैत, पेरणी आणि खुरपणीच्या मधल्या थोड्या दिवसांत, आणि त्या वेळी पैसे खात्यात नसतात. आम्हाला हातात मिळाले डिसेंबर ते मार्च हे चार महिने, आणि पुरा करायचा होता ३,०००चा आकडा.

जानेवारीपासून आम्ही नुसत्या तपासण्या केल्या. पहाटे साडेपाचला गावात पोचायचं, बाया शेतावर जायच्या आत बोटं टोचायची, फोटो काढायचा, दुसऱ्या गावाला निघायचं. एका दिवसात साठ, सत्तर. घरात बसायला, पाकीट मोजायला वेळ नव्हता. मावशी एकदा म्हणाल्या, “ताई, आपण नुस्तंच मोजूलालोत.” मी म्हणाले, मार्च होऊ द्या, मग सावकाश फिरू.

ते रजिस्टर माझ्याकडे आहे. जानेवारीतल्या एका पानावर एका बाईची ओळ आहे : पाचवा महिना, हिमोग्लोबिन ६.४. गरोदर बाईचं सातच्या खाली गेलं की तिला दवाखान्यात न्यायलाच हवं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या ओळीत शेवटी ‘पुढील भेट’ असा रकाना आहे. तो रिकामा आहे. त्या दिवशी रजिस्टर माझ्या हातात होतं, मावशी दुसऱ्या गल्लीत होत्या.

३१ मार्चला अनुदान संपलं. तपासण्या ३,०४० झाल्या. उपयोगिता प्रमाणपत्रावर उद्दिष्टापेक्षा जास्त काम झाल्याची नोंद झाली, आमचं कौतुक करणारा ईमेल आला. पुढच्या वर्षीसाठी कंपनीनं दुसरा विषय निवडला होता. मानधन थांबलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मावशी, कुणी पाठवलेलं नसताना, सहज म्हणून त्या बाईच्या घरी गेल्या. ती भिंतीला टेकून बसली होती, पायावर सूज, दोन वाक्यं बोलली की धाप लागत होती. मावशींनी १०८ बोलावली आणि तिच्याबरोबर नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. बाळ लवकर झालं, पावणेदोन किलोचं. दोघं वाचली. ते मूल आता शाळेत जातं. पण वाचली ती आमच्या ३,०४० तपासण्यांमुळे नव्हे.

त्यानंतर मी काही महिने एकही प्रस्ताव लिहिला नाही.

२०२० साल आलं आणि दोन्ही बाजूंनी ताण आला. कोरोनात ऑक्सिमीटर, सॅनिटायझर, मास्क यांचे खोके स्टेशनवर उतरत होते, ते वाटणाऱ्या हातांसाठी मात्र काही येत नव्हतं. त्याच सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. पूर्वी मोठ्या संस्थेला परदेशातून मिळालेल्या पैशातून ती आमच्यासारख्या, स्वतंत्र नोंदणी असलेल्या छोट्या संस्थेला काही भाग देऊ शकत असे. आता एका संस्थेनं दुसरीला असा पैसा देण्यावर पूर्ण बंदी आली. पैशाचा माग नीट लागावा, हा हेतू मला समजतो. पण पुण्यातली संस्था आणि पूर्णा तालुक्यातलं गाव यांच्यामधली जी पायवाट होती ती मोडली. मोठ्या संस्थेला खेड्यात काम करायचं तर आता स्वतःची माणसं नेमावी लागतात, आणि आमच्या ओळखीच्या किती छोट्या संस्थांच्या पाट्या त्या दोन वर्षांत उतरल्या ते मी मोजायला बसले तर मला त्रास होतो. पुढच्या एप्रिलपासून सीएसआर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला केंद्राकडे आणखी एक नोंदणी करणं बंधनकारक झालं, आयकराच्या नोंदण्यांचंही नूतनीकरण आलं. ते सगळं आम्ही केलं. ते करायला जी मुलगी महिनाभर नांदेडच्या फेऱ्या मारत होती तिचा प्रवासखर्चही कुठल्याच अनुदानात बसत नव्हता.

या काळात मला आधार वाटला तो गडचिरोलीच्या एका प्रयोगाचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा याच धर्तीवर घरी जाऊन बाळ पाहू लागल्या. लोक त्यातला ६२ हा आकडा लक्षात ठेवतात. मी ‘तिसऱ्या वर्षापर्यंत’ हे शब्द लक्षात ठेवले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं तेही गावातल्या, अनेकदा अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या भरवशावर, आणि त्या बायका तिथे वर्षानुवर्षं टिकल्या. अकरा महिन्यांत गावातली सासू ओळखीची होत नाही. आशाताईंना तरी आपण काय देतो? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा खेपा, आणि त्या सहा खेपांचे मिळून २५० रुपये ठरवले गेले. एका खेपेचे बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. हा देश माणसाच्या पायी चालण्याची एवढीच किंमत करतो, आणि आम्ही संस्थांनीही वेगळी केली नाही.

२०२१ साली मी पुन्हा प्रस्ताव लिहायला घेतला. या वेळी एकच पान. त्यात यंत्र नव्हतं, बॅनर नव्हतं. लिहिलं होतं : सात गावं, दोन कार्यकर्त्या, तीन वर्षं. जवळजवळ सगळा खर्च मानधनाचा. तपासणी सिस्टर करतील, गोळ्या सरकारच्या, आम्ही फक्त घरी जाऊ आणि परत जाऊ. ‘लाभार्थी’ या शब्दापुढे लिहिलं, की या गावांतल्या सगळ्या गरोदर आणि स्तनदा माता, त्या जेवढ्या असतील तेवढ्या. दोन कंपन्यांनी उत्तरही दिलं नाही. तिसरीनं विचारलं, यात दाखवण्यासारखं काय आहे? शेवटी पुण्यातल्या काही निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या एका गटानं ते पान वाचलं आणि होय म्हटलं. त्यांची अट एक होती : दर सहा महिन्यांनी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हातानं एक पत्र लिहायचं.

मावशींना पत्र लिहायची सवय नव्हती. पहिलं पत्र लिहायला त्यांना चार दिवस लागले. त्यात त्यांनी लिहिलं होतं की एका गावात बाया गोळ्या घेत नाहीत कारण तिथल्या पाण्याला वास येतो आणि रिकाम्या पोटी पाणी पिववत नाही, तर गोळीच्या आधी पाण्याचं बघावं लागेल, ते आपल्या कामात बसतं का? उत्तर आलं : तुम्हाला बसतं असं वाटत असेल तर बसतं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. २००९ सालच्या त्या पावसाळी रात्रीचा ठराव ज्या मोकळिकीनं झाला होता ती मोकळीक त्या एका ओळीत परत भेटली. मावशींनी ग्रामपंचायतीत जाऊन टाकी धुऊन घेतली. त्याला आमचा एक रुपयाही लागला नाही.

या तीन वर्षांत काय झालं याचे आकडे मी इथे मांडत नाही. गावं थोडी आहेत आणि नोंदी आमच्याच हातच्या. पण रजिस्टरं मी दर महिन्याला पाहत होते, आणि ‘पुढील भेट’ हा रकाना रिकामा असलेलं पान मला सापडलं नाही. पहिल्या वर्षी दारातून परत पाठवणाऱ्या दोन सासवा तिसऱ्या वर्षी मावशींना चहाला थांबवून घेत होत्या. एका घरानं सोळा वर्षांच्या मुलीचं ठरलेलं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं. त्यासाठी आम्ही कुठलाही कार्यक्रम घेतला नव्हता. मावशी त्या घरी मोठ्या सुनेच्या गोळ्या मोजायला जात होत्या, बोलता बोलता विषय निघत गेला आणि आठ महिन्यांनी बापानं मान हलवली. हे कुठल्या प्रस्तावात उद्दिष्ट म्हणून लिहिता आलं असतं, मला सांगता येत नाही.

तुम्ही हे वाचत असाल आणि एखाद्या कंपनीच्या सीएसआर समितीवर, एखाद्या ट्रस्टवर असाल, किंवा घरातल्या कुणाच्या स्मरणार्थ आरोग्यासाठी काही द्यायच्या विचारात असाल, तर पुढचा प्रस्ताव हातात आल्यावर मानधनाचा रकाना आधी वाचा. तो लहान असेल तर का लहान आहे ते विचारा. पैसा जूनच्या आत पोचेल असं पाहा, आणि एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा शब्द द्या, रक्कम तिसरा हिस्सा झाली तरी चालेल. आणि माझ्यासारख्या प्रस्ताव लिहिणाऱ्यांना सांगणं आहे, की मोठा आकडा लिहायचा मोह झाला तर थांबा. तो आकडा पुरा करायला पहाटे साडेपाचला निघणारी बाई आपली असते, आणि रकाना रिकामा राहिला तर त्या घरात भिंतीला टेकून बसलेली बाईही आपलीच असते.

पुण्याच्या गटाची तीन वर्षं संपली. त्यांनी एक वर्ष वाढवून दिलं, पण त्यांच्यातले बरेचजण आता वयस्कर झाले आहेत आणि यापुढे जमणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं आहे. गावातल्या बचतगटांना हे समजलं तेव्हा त्यांनी दर बैठकीला प्रत्येकी दहा रुपये बाजूला काढायला सुरुवात केली. एका निवृत्त गुरुजींनी दोन महिन्यांचं मानधन दिलं. उपकेंद्रात तपासणीला गर्दी होते म्हणून यंदा बचतगटाच्या बायांनी स्वतः ठरवून कपाटातल्या यंत्रासाठी पट्ट्यांचे दोन डबे आणले. ते यंत्र आता पुन्हा मावशींच्या पिशवीत आहे. त्यांच्या मानधनाची सोय सप्टेंबरअखेरपर्यंत झालेली आहे.